दिलावरचा खुराक

नागपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

वस्ताद गणपतराव यांस,

सलाम. पोहोचलो. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आख्खा महाराष्ट्र दाखवला, कंबर तेवढी मिरजेच्या पुढं कुठंतरी राहिली. मेहक बरी आहे, पुढच्या महिन्यात मोकळी होईल. चाँदबी असती तर लेकीच्या बाळंतपणाला तीच आली असती. ती नाही, म्हणून हा म्हातारा शिंपी आलाय. शेजारच्या बायका मला दुपटी शिवताना बघून तोंडाला पदर लावतात.

फोन करत नाही, कारण तुला माहीत आहे. तू कुस्तीत दोन्ही कान मोडून घेतलेस. तुझ्याशी फोनवर बोललं की सगळी गल्ली ऐकते, तू सोडून. म्हणून हे पत्र.

आता तुझ्याकडं ठेवलेल्या दिलावरचं. त्याचं ऑपरेशन केलं म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. स्टेशनवर सोडायला आलास तेही तोंड फिरवूनच. ‘जनावराचा संसार मोडलास’ म्हणालास. अरे, संसार कसला? त्या बोक्यानं गल्लीत एवढी पिल्लं करून ठेवली, त्यातल्या एकाला तरी कधी उंदीर आणून दिला का? रोज भांडून यायचा. कधी कान फाटलेला, कधी गालावर गळू. गेल्या साली त्या नवरदेवाच्या शेरवानीवर धार मारली, तर वास लग्नाच्या मांडवापर्यंत गेला. माझं दुकान बसायची वेळ आली होती. डॉक्टर अनुजा म्हणाल्या, नसबंदी केली की भटकणं, भांडणं, धार मारणं कमी होईल आणि बोका जास्त वर्षं जगेल. मला तेवढंच पाहिजे. चाँदबीनं त्याला भाजीच्या पिशवीत घालून घरी आणलं होतं. तिच्यामागं माझ्या घरात जिवंत असं तेवढंच उरलंय.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलंय. आता त्याची भूक वाढेल आणि अंगाची गरज मात्र कमी होईल. म्हणून खाणं वाटीनं मोजून द्यायचं आणि पाणी भरपूर ठेवायचं. लक्षात ठेव.

त्याची जाळीची पेटी जपून ठेव. मेहक म्हणते, अब्बा, आता इथंच राहा, दिलावरलाही आणू. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण ठरलंच, तर आमचा जावई फरहान येऊन त्याला पेटीतून घेऊन जाईल.

तुझा,
निसार


कोल्हापूर,
२ डिसेंबर २०२४

निसार्‍या, तालमीतून रामराम.

मी बोललो नाही ते बरोबरच होतं. पण आता बोलतो, कारण मी विचार केला आहे.

आमच्या नेसरीला खोंड बडवला की त्याचा बैल होतो. वळू नुसता हुंदडतो, नांगर ओढतो तो बैल. आणि मी तालमीत पोरांना काय शिकवतो? लंगोट सांभाळा. जो लंगोटाचा पक्का, त्याची ताकद त्याच्या अंगात मुरते. मी स्वतः लग्न केलं नाही ते काय मुलगी मिळाली नाही म्हणून? मग मला उजेड पडला. तू आणि त्या डॉक्टरीणबाईंनी मिळून दिलावरला जन्माचा लंगोट बांधला आहे! आयुष्यभर तू माझ्या पोरांचे लंगोट शिवलेस, पण इतका पक्का तुला कधी जमला नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, याचा पैलवान करायचा. जखम भरली आहे, शांत झाला आहे, रात्री बाहेर जात नाही. सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध, वर लोण्याचा गोळा. दुपारी पोरांच्या थंडाईतली बदाम लावलेली साय. रविवारी पांढरा रस्सा. भूक वाढेल म्हणाल्या होत्या ना बाई? वाढली आहे. म्हणजे औषध लागू पडलं. आणि काळजी करू नको, वाटीनं मोजूनच देतो. वाटी माझी आहे.

त्याला रेतीचं वेगळं घमेलं केलं आहे, पण सांगायला आनंद वाटतो की आखाड्यातल्या मातीला त्यानं एकदाही घाण केलेली नाही. हे संस्कार आहेत.

पेटी माळ्यावर टाकली आहे. तुझी काही घाई नाही ना? दिलावर माझ्या पायथ्याशी चाँदवहिनींच्या गोधडीवर झोपतो. थंडी पडली आहे, पाय गरम राहतात. बाकी काही नाही.

गणपत


नागपूर,
२७ डिसेंबर २०२४

वस्ताद,

नात झाली! आई आणि बाळ दोघी ठीक. पोरगी रडते अशी की तुलासुद्धा ऐकू येईल.

दिलावर खातोपितो हे वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं, माझ्या आठवणीनं तो अन्नाला तोंड लावणार नाही. तो माझ्या मशीनवर बसून टाचण्या खाली पाडायचा ते मला इथं रोज आठवतं, आणि तो तिकडं लोणी खातोय. असो. बरंच आहे. तुझं लंगोटाचं शास्त्र मेहकला वाचून दाखवलं. टाके ओढतात, हसवू नका, म्हणाली.

पण दूध जरा कमी कर. मोठ्या मांजराला ते पचत नाही असं मेहकचं म्हणणं. आणि तुझी वाटी मी बघितलेली आहे. तिच्यात आमचं घर जेवायचं. लहान घे.

मेहकचा हट्ट चालूच आहे. फरहानला फेब्रुवारीत रजा मिळते म्हणे. त्या पेटीत अंथरायला मी मऊ गादी शिवतोय. दिलावरच्या लांबीरुंदीचं माप पाठव.

निसार


कोल्हापूर,
२५ जानेवारी २०२५

आजोबांना, म्हणजे तुला, मुबारक. नातीला माझ्याकडून एक चांदीची गदा करायला टाकली आहे. मुलगी आहे हे मला माहीत आहे. तरी गदाच.

माप मागितलंस. माप कशाला, फोटोच पाठवतो. गुंडू चहावाल्यानं काढून दुकानातून छापून आणला. आखाड्याच्या कडेला गदेशेजारी जो बसला आहे, तो दिलावर. मागं उभा आहे तो मी. कोण कोण आहे ते कळेल.

बघितलीस ना छाती? मान तर राहिलीच नाही, जातिवंत पैलवानासारखी खांद्यात गेली आहे. पोरं जोर मारतात तेव्हा एकेकाच्या पाठीवर वजन म्हणून बसतो. मागच्या आठवड्यात त्याच्या समोरून उंदीर गेला. दिलावरनं त्याच्याकडं बघितलं आणि क्षमा केली. ब्रह्मचर्यानं राग जातो, हे मी पोरांना किती वर्षं सांगतोय.

आता एक अडचण आहे. पेटी खाली काढून बघितली. डोकं आणि पुढचे पाय आत जातात, बाकीचा गडी बाहेर राहतो. तेव्हा फरहानला सांग, रजा उगीच वाया घालवू नको. एवढ्या लांबचा प्रवास, गाडीत गर्दी, पोराला कशाला त्रास? इथं तो आनंदात आहे.

गणपत


नागपूर,
६ फेब्रुवारी २०२५

गणपा,

फोटो बघून फरहाननं विचारलं, “अब्बा, ही उशी कुणाची?”

मी शिंपी आहे. माप मी डोळ्यांनी घेतो. मी निघालो तेव्हा दिलावर ज्या मापाचा होता, त्यात आता दोन दिलावर शिवून वर कापड उरेल. अरे, ती छाती नाही, पोट आहे. छातीच्या जागी वर आलंय कारण त्याला खाली जायला जागा राहिलेली नाही. आणि त्यानं उंदराला क्षमा केली नाही, त्याला उठवलं नाही!

मी डॉक्टर अनुजांना फोन केला. त्या म्हणाल्या, नसबंदी झालेल्या बोक्याला असं फुगू दिलं तर साखर होते, सांधे जातात, लघवीचा त्रास होतो. त्याला ताबडतोब त्यांच्याकडं ने आणि वजन कर. दूध बंद, लोणी बंद, रस्सा बंद. मी हात जोडतो.

निसार


कोल्हापूर,
२२ मार्च २०२५

निसार यास,

तुझं पत्र वाचून मी दीड महिना उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. मी आजवर शेकडो पोरं खाऊ घालून उभी केली. कुणाची आई मला म्हणाली नाही, वस्ताद, पोराला कमी वाढा. तू म्हणालास.

तरी तुझ्या शब्दाखातर लोणी निम्मं केलं आहे. मी शनिवारी मारुतीचा उपास करतो, तो आता दिलावरही करतो. दिवसभर दोघंही पाण्यावर. तो तर पाणीही घेत नाही, माझ्याहून कडक आहे. दवाखान्यात नेलं नाही. परवा त्या बाईच दारावरून जाताना डोकावल्या आणि म्हणाल्या, “वस्ताद, बोका दाखवायला आणा की.” मी म्हटलं, “आणतो की.” म्हणालो ना, मग झालं.

उन्हाळा तापायला लागला आहे. दिलावरला कालपासून जरा कोठा धरला आहे. घमेल्यात जाऊन बसतो, जोर करतो, उठतो, परत बसतो. काहीच होत नाही. मधूनच ओरडतो. पोरांना असं होतं तेव्हा मी एरंडेल देतो, पण हा लहान जीव म्हणून कोमट पाण्यात चमचाभर तूप दिलं आहे. उद्यापर्यंत मोकळा होईल. तू उगीच डॉक्टरीणबाईंना फोन करत बसू नको.

गणपत


नागपूर,
२६ मार्च २०२५

गणपा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मेहकनं ते वाचलं आणि बाळ माझ्या मांडीवर टाकून फोनकडं धावली. कोठा नव्हे रे, लघवी! बोक्याची लघवी तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. आणि तुझं पत्र चार दिवसांपूर्वीचं.

गुंडूच्या टपरीवर फोन केला. तो म्हणाला, “चाचा, तालमीला कुलूप हाय. वस्ताद परवा सकाळी दिलावरला छातीशी धरून पळत गेलं, पायात चप्पल बी न्हाय. त्ये अजून आल्यालं न्हाईत.” तालमीला कुलूप? पुरात आखाड्यात पाणी शिरलं तेव्हासुद्धा तू कुलूप लावलं नव्हतंस.

मग डॉक्टर अनुजांचा फोन लागला. म्हणाल्या, नळी घालून लघवी काढली आहे, पण अजून खात्रीनं काही सांगता येत नाही, वस्ताद दवाखान्याच्या बाकावरून हलत नाहीत. मी म्हटलं, त्याला फोन द्या. तुला एक अक्षर ऐकू आलं नसेल. पण मला तुझा आवाज आला. मी इकडून विचारतोय आणि तू तिकडून नुसता ओरडतोयस, “हाय रं निसार, अजून हाय! अजून हाय!” आणि मग तू रडलास. साठ वर्षांच्या ओळखीत मी तुला कधी रडताना ऐकलं नव्हतं. एकदा तुझा खांदा निखळला होता तेव्हासुद्धा तू पंचाला शिव्या दिल्या होत्यास.

मी रागावलेलो नाही. म्हणजे रागावलोय, पण ते नंतर. काय झालं ते सगळं खरं लिही.

निसार


कोल्हापूर,
६ एप्रिल २०२५

निसार,

पहिली गोष्ट, दिलावर जिवंत आहे. तालमीत आहे. आत्ता माझ्या पायाशी आहे. आता बाकीचं वाच.

ते पत्र मी टपालपेटीत टाकून आलो आणि दुसऱ्या दिवशी याच्यासमोर दूध ठेवलं. त्यानं तोंड फिरवलं. लोणी बोटावर घेऊन नाकाशी धरलं. नाही म्हणाला. मला मांजरातलं काही कळत नाही, पण ज्या पैलवानानं खुराक नाकारला त्याचं काहीतरी बिनसलंय, हे मला झोपेतसुद्धा कळतं. तरी रात्रभर वाट बघितली, ती बघायला नको होती. सकाळी उचलला तर पोट दगडासारखं लागलं. तसाच धावलो.

दवाखान्यात माणसं भरलेली. अनुजाबाईंनी त्याला हात लावला आणि सगळ्यांना बाजूला सारलं. भूल दिली, लघवीच्या वाटेत बारीक नळी घातली. आतून वाळूसारखे खडे निघाले. मग मला विचारलं, “वस्ताद, हा काय खातो?”

मी म्हटलं, “दूध-भाकरी.”

“खरं सांगा. त्यावर माझं औषध ठरणार आहे.”

निसार, मी भर मैदानात हरलोय, पण इतकी मान कधी खाली गेली नव्हती. सगळं सांगितलं. धारोष्ण दूध, लोणी, बदामाची साय, खिमा, रविवारचा रस्सा. पोमेरियन घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, “आगं बया, आमच्या ह्यास्नी बी येवढं मिळत न्हाय!”

अनुजाबाई म्हणाल्या, “रश्शात कांदा-लसूण घालता?”

मी म्हटलं, “त्याबिगार पांढरा रस्सा हुतोय व्हय?”

त्यांनी डोळे मिटले. मांजराच्या रक्ताला कांदा-लसूण म्हणजे विष, म्हणाल्या. मग मी शनिवारच्या उपासाचं सांगितलं. मला वाटलं, एवढ्यावर तरी शाबासकी मिळेल. तर त्या आणखी भडकल्या. जाड मांजराला उपाशी ठेवलं तर त्याचं लिव्हर बसतं. आणि हा उपासाच्या दिवशी पाणीही घेत नव्हता ते मी कौतुकानं तुला लिहिलं होतं. मांजर आधीच कमी पाणी पितं, त्यात याची हालचाल बंद. त्यातूनच हे खडे.

मी विचारलं, “बाई, ह्ये त्या आपरेशननं झालं का?”

त्या म्हणाल्या, “नाही वस्ताद. ऑपरेशननं त्याचं भलंच केलं. गळवं थांबली, भांडणं थांबली, गाडीखाली यायची भीती गेली. फक्त त्याच्या पोटातली चूल बारीक झाली होती. तुम्ही लाकडं मात्र दुप्पट घातलीत.”

“मग लंगोटाची ताकद?”

“तसं काही नसतं.” मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, “तुमची कुस्ती कधी सुटली?”

“पंचवीस वर्सं झाली.”

“आणि खुराक?”

मी पोटावरचा सदरा खाली ओढला. त्यांनी माझंही बोट टोचलं. साखर निघाली. दिलावरला नाही निघाली, मला निघाली. गुडघे दुखतात ते थंडीनं नव्हे म्हणे.

आता जे लिहितो ते लिहायला मला दोन दिवस लागले. याचा पैलवान करायचा हे पहिलं महिनाभर खरं होतं. पण तू गादीचं माप मागितलंस, त्या दिवसापासून मी त्याला मुद्दाम खाऊ घातलं. दर रविवारी पेटी काढून बघायचो, मावतो का. मावला नाही की बरं वाटायचं. म्हटलं, हा पेटीत मावला नाही तर फरहान याला नेणार नाही. आणि हा इथं राहिला तर तू याच्यासाठी तरी परत येशील. माझ्यासाठी ये असं म्हणायला मला जमलं नाही. तालमीत आता पोरं येतात, जोर मारतात, मोबाईल बघत घरी जातात. सकाळी चहाला तू नसतोस. चाँदवहिनी गेल्यावर तू रोज माझ्याकडं जेवायला यायचास, मी समजायचो मी तुला सांभाळतोय. तू गेल्यावर कळलं, ते उलटं होतं.

त्या लोभापायी तुझ्या बायकोचं मांजर मी मारत होतो. पाहिजे त्या शिव्या दे.

गणपत


नागपूर,
२४ एप्रिल २०२५

गणपा,

शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या. बाळ जागं झालं, मेहक ओरडली. म्हणून त्या इथं लिहीत नाही.

आठवडाभर तुझं पत्र शिवणाच्या मशीनखाली ठेवलं होतं. रोज काढून वाचायचो आणि रोज चिडायचो. मग एक दिवस त्या पोमेरियनवाल्या बाईपाशी आलो आणि हसू आलं. हसू आल्यावर नीट चिडता येत नाही.

आता माझं ऐक. डॉक्टर अनुजा सांगतील तेवढंच खाणं, त्यांनी दिलेल्या वाटीनं. घाई करून नाही, हळूहळू. पाणी चार ठिकाणी ठेव. आणि तू स्वतःही त्यांच्याकडं नव्हे, माणसांच्या डॉक्टरकडं जा. ज्या दिवशी दिलावर पेटीत नीट मावेल, त्या दिवशी मला कळव. फरहानच्या रजेचं त्यानंतरच ठरवू.

निसार


कोल्हापूर,
८ सप्टेंबर २०२५

निसार,

मे महिन्यात एक ओळ टाकली होती, त्यानंतर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघं फक्त भुकेले होतो.

कमी वाढायची माझ्या हाताला सवय नाही. हे तुला सांगून कळणार नाही. तो वाटी चाटून माझ्याकडं बघायचा, मी भिंतीकडं बघायचो. पहिल्या महिन्यात तर मी घास उचलून त्याच्यापर्यंत नेला आणि स्वतः खाऊन टाकला. मग माझ्या डॉक्टरनं मला झापलं. आता माझीही वाटी बदलली आहे. गुंडू माझा चहा बिनसाखरेचा करतो आणि देताना तोंड असं करतो, की कुणाच्या मयताला आलाय.

अनुजाबाई म्हणाल्या, खाणं त्याच्या पुढ्यात ठेवू नका, त्याला कष्ट करू द्या. म्हणून मी मल्लखांबाशेजारी चढत्या फळ्या ठोकल्या आणि एकेका फळीवर बाईंनी दिलेल्या मांजराच्या खाण्याचे चार-चार दाणे ठेवले. सुरुवातीला तो पहिल्या फळीखाली बसून माझ्याकडं असा बघायचा, की मीच चढून आणून द्यावं. जुलैमध्ये तिसरीवर गेला. परवा सगळ्यात वरच्या फळीवर चढून बसला आणि खाली पोरांचे डाव बघत होता. गेल्या आठवड्यात उंदीर मारला आणि माझ्या उशीवर आणून ठेवला. लघवी मोकळी आहे. कान शाबूत आहेत. भांडायला जात नाही. बाई म्हणाल्या, असाच राहिला तर पुष्कळ वर्षं काढेल.

दर रविवारी पेटी काढत होतो. आधी मावू नये म्हणून काढायचो, आता मावावा म्हणून. हात तोच, पेटी तीच.

काल तो मावला. मी ढकललं नाही. तू पाठवलेली गादी आत घातली होती, तो आपणहून गेला, गोल फिरला, बसला आणि पंजा चाटायला लागला. मी दार लावून बघितलं. लागलं. कडीसुद्धा बसली.

तुला कळवलं नसतं तर तुला कळलं नसतं. पण कळवतो. फरहानला कधी पाठवतोस ते लिही. प्रवासात त्याला दूध देऊ नका म्हणावं, आणि पाणी विसरू नका. तो पायथ्याशी झोपतो, डोक्याशी नाही. ऊन पडलं की त्याला खिडकी लागते. मेहकला हे सगळं सांग.

गणपत


नागपूर,
१९ सप्टेंबर २०२५

वस्ताद,

फरहानला रजा नाही. मी मागायलाच सांगितली नव्हती.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्याच दिवशी मी मेहकला सांगितलं, बेटी, पावसाळा सरेपर्यंत राहीन, मग मी माझ्या गावी जाणार. रुसली, रडली, मग म्हणाली, दरवर्षी यायचं. कबूल केलं. नात आता रांगते, तिला सोडून पाय निघत नाही, पण इथं सकाळी मी कुणाशी भांडू? जावई तर ‘जी अब्बा, जी अब्बा’ म्हणून माझी पंचाईत करतो.

मग तुला पेटीची अट का घातली? कारण तुझा मला भरवसा राहिला नव्हता. ‘त्याला कमी वाढ’ म्हटलं असतं तर तू परत मोठी वाटी घेतली असतीस. दिलावर जाणार हे माहीत असूनही तू त्याला बारीक करशील, आणि मावला की स्वतःच्या हातानं मला कळवशील, तर मी त्याला जन्मभर तुझ्या पायथ्याशी सोडायला तयार होतो. आलं तुझं पत्र. मेहकनं वाचलं, मी ऐकलं. ‘पाणी विसरू नका’ इथं आल्यावर तिला पुढचं वाचता येईना, मग मी घेतलं. मलाही येईना.

पुढच्या शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघतोय. स्टेशनवर ये. पेढे आणू नकोस, तुला चालत नाहीत. पेटी परत माळ्यावर टाकू नको. दर महिन्याला दोघांना वजनाला न्यायचंय. त्याला पेटीतून नेऊ, तुला कान धरून. मोडका असला तरी धरायला येतो.

आणि फक्त ‘माझ्यासाठी ये’ एवढं लिहायला तुला पाच महिने आणि एक आजारी बोका लागला. पुढच्या वेळी नुसतं पोस्टकार्ड टाक.

तुझा,
निसार